चौकटीत अडकलात? विचारा : बेरीज-वजाबाकीच्या कोड्यांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आकड्यांच्या चौकटींचं एक पान दिलं आणि त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, म्हंजे राशिभविष्याच्या पानाला येतात तेवढे नाहीत, पण तरी बरेच. ज्यांच्या हातात ते पान पडलं नाही त्यांच्यासाठी नियम एका दमात सांगते. चौकट ६×६ ची असेल तर प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत १ ते ६ हे आकडे एकेकदाच यायचे (४×४ असेल तर १ ते ४), आणि जाड रेघेने जे कप्पे वेगळे केलेले असतात त्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ११+ किंवा २÷ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हंजे त्या कप्प्यातल्या आकड्यांची बेरीज ११ यायला पाहिजे, किंवा मोठ्याला लहानाने भागून २ यायला पाहिजेत. वजाबाकी आणि भागाकाराचे कप्पे दोन-दोन घरांचे धरायचे. ह्यालाच केनकेन म्हणतात, मोबाईलवर कॅल्कुडोकु नाहीतर मॅथडोकु नावाने सापडेल, आत माल तोच.

बाई, ६×६ च्या पहिल्याच ओळीत अडकलोय. ओळीत तीन कप्पे आहेत, ११+, २− आणि २÷, तिन्ही दोन-दोन घरांचे. २− ला तर १-३, २-४, ३-५, ४-६ एवढ्या जोड्या बसतात, मग सुरुवात करायची तरी कुठून?
– बँकेतून निवृत्त, फोंडा

काका, तुम्ही २− पासून सुरुवात केलीत तिथेच घोडं अडलं. ज्याला सगळ्यात कमी जोड्या बसतात तो कप्पा आधी धरायचा. ११+ ला १ ते ६ मध्ये ५-६ सोडून दुसरं काही जमतच नाही, तेव्हा ५ आणि ६ तिकडे गेले. कोण डावीकडे कोण उजवीकडे ते आत्ता माहीत नाही आणि आत्ता त्याची गरजही नाही. आता उरले १, २, ३, ४. २− साठी १-३ किंवा २-४, आणि २÷ साठी १-२ किंवा २-४, कारण ३-६ मधला ६ गेला. समजा २− ने २-४ घेतले तर २÷ साठी १ आणि ३ उरतात, त्यांचा भागाकार ३ येतो, म्हंजे हे होणे नाही. झालं, २− म्हंजे १-३ आणि २÷ म्हंजे २-४.

पण ह्याहून मजेदार रस्ता आहे, तो मला जास्त आवडतो. १ ते ६ ची बेरीज २१, प्रत्येक ओळीची, प्रत्येक रांगेची, कुठल्याही ६×६ मध्ये. २१ विषम. दोन आकड्यांतला फरक सम असला तर त्यांची बेरीजपण समच येते, कुठलीही जोडी घेऊन बघा, म्हणून २− ची बेरीज सम. ११ विषम. विषम आणि सम मिळून विषम झाले आणि एकूण तर २१ विषम पाहिजेत, म्हंजे राहिलेल्या २÷ ची बेरीज सम आली पाहिजे. आता २÷ च्या जोड्या बघा, १-२ ची बेरीज ३, २-४ ची ६, ३-६ ची ९. सम एकच. एकही जोडी न खोडता २-४ हातात आली. चौकट उघडली की आधी ओळीची बेरीज कोपऱ्यात लिहून टाकायची सवय लावा, ४×४ ला १०, ५×५ ला १५, ६×६ ला २१, आणि ९×९ ला ४५. अर्धं काम तिथेच होतं आणि लोक नेमकं तेच करत नाहीत.

तुमच्या पानावर छपाईची चूक आहे असं वाटतं. तीन घरांचा कप्पा आणि वर लिहिलंय ४+. कमीत कमी १+२+३ केले तरी ६ होतात, मग ४ कसे होणार?
– एक वाचक, म्हापसा

चूक नाही हो. आकडा रिपीट व्हायचा नाही तो ओळीत आणि रांगेत, कप्प्यात झाला तर चालतो, फक्त ती दोन घरं एका ओळीत किंवा एका रांगेत नसावीत. तुमचा कप्पा सरळ पट्टीसारखा नाही, काटकोनात वळलेला आहे ना? मग दोन्ही टोकांची घरं एकमेकांच्या ओळीतही नाहीत आणि रांगेतही नाहीत. तीन घरांत ४ म्हंजे १, १, २ हेच. वळणावरचं घर दोन्ही टोकांना बघत असतं, एका टोकाबरोबर ओळीत आणि दुसऱ्याबरोबर रांगेत, म्हणून रिपीट होणारा आकडा तिथे बसू शकत नाही. मग टोकांना १ आणि १, वळणावर २. ज्याला तुम्ही चूक समजलात तो त्या चौकटीतला सगळ्यात सोपा कप्पा होता, तीन घरं एका फटक्यात भरली!

अंदाजाने एखादा आकडा टाकून पुढे गेलं तर काय बिघडतं? शेवटी उत्तर आलं म्हंजे झालं.
– कॉलेजचा विद्यार्थी, मडगाव

काही बिघडत नाही, तुझं रबर संपतं. ४×४ मध्ये कप्प्यांचा विचार न करता नुसत्या नियमाने आकडे मांडायच्या ५७६ रीती आहेत, तिथे अंदाज कधीमधी लागून जातो. ६×६ मध्ये त्याच रीती ८१,२८,५१,२०० होतात, ८१ कोटींच्या वर. बघ बाबा.

मी प्रत्येक घरात शक्य असतील ते सगळे आकडे बारीक अक्षरात लिहून ठेवते, मग थोड्या वेळाने माझं मलाच काही दिसत नाही. चष्म्याचा नंबर पण वाढलाय. काही युक्ती सांगा.
– आजी, डिचोली

आजी, घरात लिहूच नका, चौकटीच्या बाहेर मार्जिनला लिहा. घरात सहा आकडे कोंबले की ते नुसते डोळ्यांना त्रास देतात, त्यातून कळत काही नाही. बाहेर कप्प्यागणिक जोड्या मांडा, ७+ असेल तर १-६, २-५, ३-४, आणि जी जोडी बाद झाली तिच्यावर रेघ. घराच्या आत पेन्सिल लावायची ती दोनच आकडे उरले की. हे पंगतीसारखं आहे, आधी माणसं कोण ते ठरवायचं, कोण कुठल्या पाटावर ते नंतर. एका ओळीच्या पहिल्या दोन घरांत ३ आणि ४ आहेत एवढं कळलं तर कोण कुठे ते कळायच्या आधीच त्या ओळीच्या बाकीच्या सगळ्या घरांतून ३ आणि ४ हद्दपार करता येतात. पुष्कळ लोक हे विसरतात, आकडा नक्की बसला तरच त्याचा उपयोग असं त्यांना वाटतं.

आणि हो, पेनने सोडवणारे जे मिरवतात ना त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

गुणाकाराचे कप्पे बघितले की पोटात गोळा येतो. ६०×, १२०× असे मोठे मोठे आकडे असले की मी ते शेवटी ठेवते.
– दहावीतली मुलगी, सांखळी

अगो, उलटं कर! गुणाकाराचा आकडा जेवढा मोठा तेवढा तो जास्त बोलतो. ६×६ मध्ये तीन घरांत १२० म्हंजे ४, ५, ६ आणि दुसरं काहीच नाही, करून बघ. ६० म्हंजे २-५-६ नाहीतर ३-४-५, दोनच वाटा, आणि दोन्हीकडे ५ आहेच. म्हणून आकड्याला ५ ने भाग जातो का ते सगळ्यात आधी बघायचं. जात असेल तर त्या कप्प्यात ५ आहे, जात नसेल तर नाही, विषय संपला. तो ६० चा कप्पा एकाच ओळीत सरळ पडलेला असेल तर त्या ओळीतला ५ तिथेच अडकला, बाकी घरांत ५ शोधायला जाऊच नको.

छोट्या आकड्यांचीपण गंमत असते. तीन घरांत १६×. ३, ५, ६ यातला कुठलाच चालत नाही, राहिले १, २, ४. मग १-४-४ किंवा २-२-४. दोन्हीकडे आकडा रिपीट होतो, म्हंजे कप्पा काटकोनातच असणार आणि वर म्हापश्याच्या वाचकांना सांगितलं तसं रिपीट होणारे टोकांना जाणार. वळणावर १ नाहीतर ४. नवरात्रीच्या सुट्टीत असे दहा-बारा कप्पे नुसते फोडून बघ, चौकट सोडवायची गरज नाही, पाढे आपोआप पक्के होतील, परीक्षेत अवयव पाडताना हात चालेल.

फोंडा-पणजी कदंब बसमध्ये रोज मोबाईलवर किलर सुडोकू सोडवतो. इझी होतात, मिडियमला गाडी बंद पडते. एकपण आकडा दिलेला नसतो, नुसते तुटक रेघांचे कप्पे आणि त्यांच्या बेरजा. कसं करायचं?
– नोकरदार, फोंडा

किलरमध्ये तुमचं हत्यार एकच, ४५. सुडोकूसारखंच इथेपण ९ ओळी, ९ रांगा आणि ३×३ चे ९ मोठे चौकोन, आणि प्रत्येकाची बेरीज ४५ च. आता असा चौकोन शोधा ज्यात कप्पे जवळपास पूर्ण मावलेत. समजा एका ३×३ मध्ये १०, १५ आणि १३ असे तीन कप्पे पूर्ण आत आहेत, मिळून आठ घरं, आणि नववं घर कुठल्यातरी बाहेरच्या कप्प्याचं शेपूट आहे. १०+१५+१३ म्हंजे ३८. ४५ मधून ३८ गेले, त्या शेपटाच्या घरात ७. एकपण आकडा दिलेला नव्हता आणि ७ मिळाला. उलटंपण होतं, कप्पे सगळा चौकोन व्यापून एक घर शेजारच्या चौकोनात डोकावतात, त्यांची बेरीज ४९ आली तर बाहेर डोकावणारं घर ४ चं. एका चौकोनात नाही जमलं तर दोन चौकोन मिळून ९० धरा, किंवा दोन ओळी मिळून ९०. मिडियमची गाडी बहुतेक इथेच सुटते.

फक्त एक लक्षात ठेवा, किलरमध्ये कप्प्यात आकडा रिपीट करायचा नाही असा सर्वसाधारण नियम असतो, केनकेनची सवय इकडे आणू नका. आणि जाता जाता, सुडोकू जपानी म्हणून सगळे सांगतात ते नाव आणि प्रसिद्धीपुरतं ठीक आहे, आज आपण जी सोडवतो ती चौकट १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात नंबर प्लेस नावाने पहिल्यांदा छापली गेली, हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टने केलेली. जपानला ती १९८४ मध्ये पोचली.

काकुरोच्या जोड्या पाठ करायच्या का?
– एक वाचक, वास्को

थोड्या कराच. काकुरो म्हंजे शब्दकोड्यासारखी चौकट, शब्दांच्या जागी १ ते ९ आकडे आणि प्रत्येक पट्टीची बेरीज दिलेली, पट्टीत आकडा रिपीट नाही. दोन घरांत ३ म्हंजे १-२ च, ४ म्हंजे १-३ च, १६ म्हंजे ७-९, १७ म्हंजे ८-९. तीन घरांत ६, ७, २३, २४ ना एकेकच वाट. बास, एवढ्यावर दुकान सुरू होतं. १६ ची आडवी आणि १७ ची उभी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात तिथे काय येईल? दोघींत सामाईक ९ एकटाच, तर ९. आठ घरांची लांबलचक पट्टी बघून घाबरू नका, ४५ मधून तिची बेरीज वजा करा, जो आकडा येईल तो तेवढा त्या पट्टीत नाही, बाकीचे सगळे आहेत.

माझा मुलगा तिसरीत आहे, गणित म्हटलं की रडतो. त्याला ही कोडी द्यावीत का? आणि अडला की सांगायचं का?
– आई, कुडचडे

द्या, पण ३×३ पासून, आणि नुसत्या बेरजेची. तिथे आकडे तीनच, ५+ म्हंजे २-३, ४+ म्हंजे १-३, ३+ म्हंजे १-२, दोन बोटांवर मोजून होतं. मग वजाबाकी, मग ४×४. भागाकाराची घाई नको.

आणि सांगायचं नाही! हे केनकेनचं कोडं तेत्सुया मियामोतो ह्या जपानी गणिताच्या मास्तरांनी २००४ मध्ये आपल्या वर्गातल्या मुलांसाठी केलं, आणि त्यांची पद्धतच अशी की कोडं द्यायचं आणि गप्प बसायचं, शिकवायचं नाही. पुढे २००८ मध्ये ते लंडनच्या टाइम्समध्ये आलं, २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये, आणि मोठी माणसं त्यावर सकाळचा चहा थंड करायला लागली ती नंतरची गोष्ट. मूळ ते पोरांचंच. आपल्याकडे गप्प बसणं हेच कठीण, मूल दोन मिनिटं विचार करत बसलं की आजूबाजूचे चार जण उत्तर सांगायला टपलेले असतात, त्यात बाबा पहिले. तो अडला तर फक्त विचारा, "ह्या ओळीत कुठला आकडा राहिला रे?" त्याच्यापुढे एक शब्द नको.

शाळेत भित्तिपत्रकासाठी मी स्वतः ४×४ ची कोडी बनवते. एकदा दोन मुलांची वेगवेगळी उत्तरं आली आणि दोन्ही बरोबर! असं कसं?
– शिक्षिका, पेडणे

बाई, ह्यावर मी एक पूर्ण पान लिहू शकते पण थोडक्यात सांगते. कोडं बनवताना आपण आधी भरलेली चौकट घेतो आणि मग कप्पे पाडतो, बरोबर? आता समजा पहिल्या ओळीच्या पहिल्या दोन घरांत १, २ आहेत आणि तिसऱ्या ओळीच्या त्याच दोन घरांत २, १ आहेत, आणि तुम्ही दोन्हीकडे आडवा ३+ चा कप्पा पाडलात. आता कोणी वर २, १ आणि खाली १, २ लिहिले तर? ओळी बरोबर, रांगा बरोबर, बेरजा पण बरोबर. चार घरांचा हा आयत वाटेल तेव्हा उलटा करता येतो आणि कोड्यातलं दुसरं काहीच त्याला अडवत नाही, म्हणून दोन उत्तरं.

उपाय म्हंजे त्या आयतातलं एक घर उभ्या कप्प्यात बांधायचं. पहिल्या रांगेत १ च्या खाली ३ असेल तर त्या दोघांचा उभा ४+ करा, १-३ शिवाय तिथे काही बसणार नाही, कारण २-२ एका रांगेत चालत नाहीत, आणि मग वरचा १ हलू शकत नाही. उरलेला २ उजवीकडच्या शेजाऱ्याला जोडून टाका. नाहीतर सरळ एका घरात आकडा छापून द्या, त्यात कमीपणा काही नाही. भित्तिपत्रकावर लावायच्या आधी चौकटीत असे आयत शोधायचे, दोन ओळी आणि दोन रांगांत तेच दोन आकडे आलटून पालटून, आणि प्रत्येकाला कुठेतरी खिळा मारलाय ना बघायचं. तरी शेवटी एकदा कोऱ्या चौकटीवर स्वतः सोडवा, उत्तर न बघता.

आमच्या वाड्यावर काही जण तुमच्या कोड्याच्या उत्तरावरून मटक्याचा आकडा काढतात. त्यात काही तथ्य आहे का?
– नाव देऊ नये

नाही. चौकटीत प्रत्येक आकडा शेजारच्याने बांधलेला असतो, म्हणून तो शोधून काढता येतो. मटक्यात कालच्या आकड्याचा आजच्याशी काडीचा संबंध नसतो, आणि धंदा बेकायदेशीर आहे तो वेगळाच. आमच्या उत्तरांच्या नादाने पैसे गेले तर मासिकाकडे मागू नयेत.

पावसात लाईट गेली की मोबाईल बंद, टीव्ही बंद, आणि अंधारात चौकट काही दिसत नाही. मेणबत्तीवर पोरांना बसवून ठेवायला काहीतरी द्या.
– एकत्र कुटुंबातली सून, काणकोण

हे घ्या. चौकट नाही, पण आकड्यांचंच आहे आणि आपल्या माणसाचं आहे. डहाणूला जन्मलेले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर, त्यांनी शोधलेलं. कुठलाही चार आकडी अंक घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. ते आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला परत तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि मग तिथेच अडकतात, ७६४१ मधून १४६७ गेले की परत ६१७४ च.

आपण गोवा मुक्तीचं वर्ष घेऊ, १९६१. ९६११ वजा ११६९ म्हंजे ८४४२. ८४४२ वजा २४४८, ५९९४. ९९५४ वजा ४५९९, ५३५५. ५५५३ वजा ३५५५, १९९८. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुरत्या सात लागल्या, एकसुद्धा कमी नाही! प्रत्येक पोराला आपापलं जन्मवर्ष द्या आणि कोणाला किती वजाबाक्या लागल्या त्यावर भांडू द्या. मधे शून्य आला तर तो टाकायचा नाही, ०२८८ असाच धरायचा, नाहीतर गाडी भलतीकडे जाते.

मुलीने वहीत मैत्रिणीकडून उतरवून आणलेलं ६×६ चं कोडं आहे. एका ओळीत तीन कप्पे, १−, १− आणि २−, सगळे दोन घरांचे. घरात सगळ्यांनी प्रयत्न केला, जमत नाही. आम्ही कुठे चुकतोय?
– बाबा, साखळवाडी

तुम्ही कुठेच चुकत नाही, उतरवताना चुकलंय. वर फोंड्याच्या काकांना दिलेलं उत्तर लावा, फरक १ असला की बेरीज विषम, फरक २ असला की सम. विषम, विषम आणि सम मिळून सम होतात आणि ओळीची बेरीज २१ असते. कोणाच्या बापाला जमणार नाही. दोनपैकी एक १− मुळात २− असेल तर १-३, २-४, ५-६ बसतं, १-२, ३-५, ४-६ पण बसतं. मैत्रिणीची वही परत मागवा आणि तो आकडा नीट बघा.